अध्यक्षाबाईंचं पहिलं परमिट

आल्फ्रेड डाबरेने आयुष्यात एकही निवडणूक लढवली नव्हती, पण लढवणाऱ्याच्या मागे उभं राहण्याची त्याची हौस मात्र दांडगी होती. आखातातल्या अल खोरच्या मराठी मित्रमंडळात गेल्या अठरा वर्षांत चार अध्यक्ष होऊन गेले. चौघांसाठीही आल्फ्रेड दारोदार फिरला, चौघांच्याही विजयाचे पेढे त्याने वाटले आणि चौघांनीही त्याला तोंडघशी पाडलं. पहिल्याने मंडळासाठी भलेमोठे स्पीकर घेतले आणि दोन वर्षं त्यावर स्वतःच गाणी म्हटली. दुसऱ्याची सहा महिन्यांत बदली झाली. तिसऱ्याने ढोलपथक काढलं. चौथ्याने स्मरणिका काढली आणि तिच्यात स्वतःचे सात फोटो छापले. दर वेळी लवीना, म्हणजे आल्फ्रेडची बायको, चहाचा कप पुढे ठेवताना एकच प्रश्न विचारायची, "काय, झाली का सेवा सुरू?"

आल्फ्रेडला हवी असलेली सेवा काही फार मोठी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी तो वसईहून इथे आला, त्याच उन्हाळ्यात त्याच्या पोटात मरणाचं दुखायला लागलं. हॉस्पिटलात पोचला, पण पुढ्यात आलेल्या कागदांवरचं त्याला ओ की ठो कळेना. घाबरून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिला. तेव्हा एलिझाबेथ नावाची एक नर्स ड्युटी संपवून घरी चालली होती. तिने त्याच्या गळ्यातला क्रूस पाहिला, चेहरा पाहिला आणि विचारलं, "वसईचे का?" मग ती तासभर त्याच्याजवळ बसली. फॉर्म भरला, डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगितलं, कुठली गोळी कधी घ्यायची ते मराठीत लिहून दिलं आणि निघून गेली. पुन्हा ती कधी भेटली नाही. तो तास आल्फ्रेड आजवर विसरला नव्हता. मंडळाने महिन्यातून एकदा एक टेबल मांडावं, कागद वाचता येणाऱ्याने तिथे बसावं आणि न येणाऱ्याला तसाच एक तास द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. येत्या जूनमध्ये तो रिटायर होऊन वसईला परत जाणार होता. जायच्या आधी ते टेबल लागलेलं त्याला बघायचं होतं.

यंदा त्याला तशी आशा वाटायला कारणही होतं. यंदा विभावरी गायधनी उभ्या होत्या.

विभावरीबाई नाशिकच्या. रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर. तिथे साधा नट आवळायचा तरी आधी परमिट लागतं. काम कुठलं, करणार कोण, धोका काय, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, असे सगळे रकाने भरून कागद बाईंपुढे न्यायचा. त्यांची सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही आणि काम संपलं की तोच कागद परत नेऊन बंद करून घ्यायचा. बाईंचे यजमान विजय त्याच प्लांटवर मेंटेनन्सला होते. एकदा त्यांच्या परमिटवर काम बंद करायच्या वेळेचा रकाना रिकामा राहिला, तर बाईंनी चार माणसांदेखत ते परत पाठवलं. त्या दिवशी घरी कुणी स्वयंपाक केला, यावर कंपनीच्या बसमध्ये आठवडाभर चर्चा चालली होती.

आल्फ्रेड त्या बसगाड्यांची वेळापत्रकं सांभाळायचा. त्यामुळे प्रचाराला त्याला वेगळं फिरावंच लागलं नाही. सकाळी अर्धा तास जाताना, संध्याकाळी अर्धा तास येताना, माणसं जागेवरच बसलेली. पळून जाणार कुठे? निवडणुकीच्या सभेत बाई चार मिनिटं बोलल्या. "मंडळाने नुसते सण साजरे करून भागणार नाही, लोकांच्या अडीअडचणीला उभं राहायला हवं. आधी पाहणी, मग आराखडा, मग काम." यातलं 'अडीअडचणीला' एवढंच आल्फ्रेडच्या कानात शिरलं. पुढचं वाक्य त्याने टाळ्या वाजवण्यात घालवलं.

बाई निवडून आल्या. शुक्रवारी चार वाजता वसाहतीच्या हॉलमध्ये सत्काराचा कार्यक्रम ठरला. बाईंनी आल्फ्रेडला फोन करून सांगितलं, "आल्फ्रेडभाऊ, निमंत्रण तुम्हीच सगळ्या ग्रुपवर टाका. आणि हार-तुरे आणू नका, असं स्पष्ट लिहा हं. उगाच फुलं वाया जातात."

मंगळवारी बसमध्ये बसल्या बसल्या आल्फ्रेडने मजकूर लिहिला. 'कृपया हार-तुरे आणू नयेत.' वाचून त्याला कसंसंच वाटलं. आपली माणसं सत्काराला रिकाम्या हाताने जातात कधी? त्यांना काहीतरी आणायला सांगायलाच हवं. आणि बाई तर कामाचं माणूस. त्याने पुढे एक ओळ जोडली. 'त्याऐवजी आपलं अडलेलं काम घेऊन यावं. अध्यक्षा स्वतः बघतील.' खाली बाईंचा हसरा फोटो लावला, पाठवलं आणि खिडकीतून बाहेर बघत समाधानाने डोळे मिटले.

बुधवारी सकाळी बसचा ड्रायव्हर काशिफ म्हणाला, "आल्फ्रेड भाई, मॅडम का मेसेज देखा. मेरी बेटी अनम का स्कूल का फॉर्म है. ले आऊं ना?"

"ले आओ, ले आओ," आल्फ्रेड म्हणाला. पण काशिफ तर लाहोरचा. त्याला मराठीतला मेसेज वाचून दाखवला कुणी, हा विचार मागाहून त्याच्या मनात आला.

गुरुवारी तोच मेसेज त्याला दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातल्या एका मसाल्याच्या दुकानातून आला. मग अल रुवैसच्या बंदरावरून आला. मग वसईहून मेव्हण्याने पाठवला आणि खाली विचारलं, 'माझं रेशनकार्ड पण बघतील का?' आल्फ्रेडने फोन लवीनापुढे धरला.

"बाईला विचारलं होतंस का?" लवीनाने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? त्या स्वतः बोलल्या सभेत."

"काय बोलल्या? टेबल मांडते बोलल्या? ह्या शुक्रवारी मांडते बोलल्या?"

आल्फ्रेड मेव्हण्याचा मेसेज पुन्हा वाचू लागला.

"फोन कर आणि सांग. आत्ता."

त्याने केला, पण प्लांटवर मोठ्या दुरुस्तीचं काम चालू होतं, बाई दिवसभर आत होत्या आणि आत फोन न्यायला बंदी. मग त्याने मेसेज लिहायला घेतला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. शेवटी म्हणाला, "प्रत्यक्षच सांगतो. असं फोनवर बरं दिसत नाही."

"बरं दिसण्याची वेळ गेली तुझी," लवीना म्हणाली आणि वड्यांसाठी बटाटे उकडायला ठेवायला गेली.

शुक्रवारी दोह्याच्या चर्चमध्ये मिसा ऐकून दोघं परतले, तेव्हा आल्फ्रेडने देवाकडे एकच मागणं मागितलं होतं. माणसं कमी येऊ देत. अठरा वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमाला माणसं कमी येऊ देत अशी प्रार्थना कुणी पहिल्यांदाच केली असेल. तीन वाजता तो हॉलवर पोचला, तर दारापासून पार्किंगपर्यंत रांग. हातात प्लॅस्टिकचे फोल्डर, पिशव्या, गुंडाळ्या. मंडळाचे सभासद थोडे आणि अनोळखी चेहरेच जास्त.

आत व्यासपीठावर नेहमीप्रमाणे सात खुर्च्या, सॅटिनचं कापड घातलेलं लांब टेबल, नावाच्या पाट्या, समई आणि ताटात शाल-श्रीफळ. चाराला दहा कमी असताना विभावरीबाई आल्या. निळी पैठणी, नथ आणि मनगटावर प्लांटवरचंच काळं जाड घड्याळ.

"आल्फ्रेडभाऊ, ही रांग कसली? नाश्ता बाहेर ठेवलाय का?"

आल्फ्रेडने मेसेज उघडून फोन पुढे केला. बाईंनी वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"'अध्यक्षा स्वतः बघतील.' हे मी म्हटलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मी म्हटलं. म्हणजे, तुम्ही म्हणालाच असता, असं मला वाटलं."

बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नसत आणि त्याचीच जास्त भीती वाटे. "भाऊ, टेबल मलाही मांडायचंय. पण आधी माणसं तयार करायला हवीत. सहा महिने धरलेत मी त्याला. न शिकलेल्या माणसाने चुकीचा फॉर्म भरून दिला, तर त्या बिचाऱ्याचं केवढं नुकसान होईल? हे बिनपरमिटचं काम झालं. असलं काम मी प्लांटवर होऊ देत नाही, इथेही देणार नाही. त्यांना सांगा, आज होणार नाही. चहा-वडा घेऊन जा म्हणावं."

बाईंचं बरोबर होतं. आल्फ्रेडला ते कळत होतं. तो पहिल्या अध्यक्षांच्या त्या भल्यामोठ्या स्पीकरजवळ गेला आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, मी आल्फ्रेड डाबरे. तुम्हाला जो मेसेज आला, त्यातली कामाची ओळ माझी. अध्यक्षांना ठाऊकसुद्धा नव्हती. त्यांची काही चूक नाही, त्या करणार आहेत, पण नीट तयारी करून. आज मी तुम्हाला फुकट फेरा मारायला लावला. माफी मागतो. सगळ्यांनी चहा घेऊन जा." हेच त्याने हिंदीतही सांगितलं.

लोक चिडले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. कुणीच चिडलं नाही. फोल्डरची बटणं पटापट बंद झाली आणि माणसं चहाकडे वळली. त्यांना याची सवय होती. आल्फ्रेडला रडू यायच्या बेतात होतं. पाचव्यांदा झालं होतं हे, आणि या वेळी तर दोष देण्याजोगा अध्यक्षही नव्हता.

दाराशी एक वयस्क गृहस्थ चपला शोधत होते. डोक्यावर विणलेली टोपी, उन्हाने रापलेला चेहरा. अल रुवैसला मासेमारीच्या बोटीवर काम करणारे, मूळचे हर्णैचे, नाव अमान. कुणाच्या तरी टेम्पोत बसून आले होते.

"चहा तरी घ्या चाचा," आल्फ्रेड म्हणाला.

"नको भाव. टेम्पोवाला थांबलाय, परत जायाचाय."

"काम काय होतं तुमचं?"

"हाय एक कागूद. डोल्याच्या डॉक्टरान दिलान. तीन हप्ते झाले, खिशातच हाय. बघू नंतर कदी."

त्यांनी तो खिशातून काढला. घडी इतक्यांदा उघडून मिटलेली की कागद घडीवर फाटायला आला होता. अर्ध्यात अरबी, अर्ध्यात इंग्रजी. आल्फ्रेडने वाचला. मग तारीख पुन्हा वाचली आणि अमानचाचांचा हात धरून त्यांना तसाच व्यासपीठाकडे घेऊन गेला. कागद बाईंपुढे ठेवला.

बाईंनी वाचला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे हे. रविवारी सकाळी सातला. मध्यरात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही. सोबत एक माणूस आणायचा." त्यांनी वर बघितलं. "चाचा, रविवार म्हणजे परवा!"

"परवा?" अमानचाचा म्हणाले. "अल्ला! मी तं परवा बोटीवर जानार व्हतू, आठ दिसांसाठी."

"तीन आठवड्यांत हा कागद कुणी वाचून नाही दाखवला?"

"कोन वाचनार, बाय? बोटीवर सगले माज्यासारकेच, मराटी तेवडी येनारे."

बाई कागद हातात घेऊन उभ्या राहिल्या. हॉलमध्ये वड्यांचा वास सुटला होता, स्पीकरवर कुणीतरी सनई लावली होती. बाईंनी एकदा चहाच्या टेबलाभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं. प्रत्येकाच्या काखेत एकेक फोल्डर.

"आल्फ्रेडभाऊ," त्या म्हणाल्या, "हे काम केल्याचा धोका मी मोजला होता. न केल्याचा मोजायचाच राहिला. सनई बंद करा. आणि एक कोरा कागद द्या."

कोरा कागद मिळेना, तेव्हा त्यांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली. समईजवळ वाकून पट्टीशिवाय सरळ रेघा मारल्या आणि भरायला सुरुवात केली. काम: कागद वाचून समजावणे, साधे फॉर्म भरणे. धोका: माहीत नसताना ठोकून देणे. उपाय: माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणणे, नाव-नंबर लिहून घेणे, चौकशी करून कळवणे. काम सुरू: चार वाजून वीस मिनिटं. काम बंद: साडेसहा. जबाबदार माणूस: आल्फ्रेड डाबरे.

"इथे सही करा. आणि सगळ्यांना वाचून दाखवा. विशेषतः तो उपाय."

आल्फ्रेडने सही केली, पण इतक्या घाईत, की ती बँकेने परत पाठवली असती. मग त्याने माइक घेतला, आणि वीस मिनिटांपूर्वी माफी मागणारा हाच का तो माणूस, असं वाटावं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला, "मंडळी, यल्ला, चला! रांगेत या!"

बाईंनी भाषणं रद्द केली. सातही मान्यवरांना सांगितलं, खुर्च्या सोडायच्या नाहीत, फक्त कामाला लागायचं. ईशस्तवन म्हणायला आलेली आसावरी लहानपणापासून इथेच वाढलेली आणि एका क्लिनिकात रिसेप्शनला. तिला अरबी येत होतं. तिच्यापुढे अरबी कागद. विजय गायधनींकडे इंग्रजी कागद, कारण प्लांटवरची मॅन्युअलं वाचून त्यांना काहीही वाचायची सवय झाली होती. स्मरणिकावाले माजी अध्यक्ष जरा बाजूला उभे होते. बाईंनी त्यांना हॉलच्या ऑफिसातल्या मशीनवर झेरॉक्स काढायला बसवलं. फोटो नीट येतोय की नाही, याची त्यांच्याइतकी काळजी कुणी घेतली नसती. आणि शाल-श्रीफळाचं ताट उचलून त्याच जागी स्टेपलर ठेवला.

सगळ्यांत आधी अमानचाचा. बाईंनी स्वतः बोटीच्या मुकादमाला फोन लावला, रविवारी चाचा येणार नाहीत हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि सोबतीच्या माणसाचं कसं करायचं, असं विचारलं. चाचा घोटाळले. काशिफ मागून म्हणाला, "मैं ले जाऊंगा मॅडम. संडे को मेरी दोपहर की ड्युटी है."

आल्फ्रेडने कागदाच्या मागे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: रविवार. सकाळी सात. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. लिहिताना त्याला एलिझाबेथचं अक्षर आठवलं, जरा डावीकडे झुकलेलं. तो म्हणाला, "चाचा, पाणी म्हणजे चहापण नाही हं."

"मग काडीन कशी सकाल?" चाचा म्हणाले आणि रांगेतली माणसं खो खो हसली.

मग काम लागलं. एकाला लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म, एकाला लेकाच्या जन्मदाखल्याचं काय करायचं ते. एका बाईला तर फक्त डॉक्टरच्या रिपोर्टात 'नॉर्मल' लिहिलंय, एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकून ती तिथेच आसावरीच्या गळ्यात पडली. तीनदा विजयरावांनी "माहीत नाही" म्हटलं आणि तिन्ही वेळा बायकोकडे बघून म्हटलं. लवीना वड्यांचं ताट घेऊन टेबलाच्या मागून फिरत होती. कागदाला तेल लागू नये म्हणून ती एकेकाच्या थेट तोंडातच वडा घालत होती.

साडेसहा वाजले. आल्फ्रेडने परमिट उचललं आणि बाईंपुढे धरलं. नियम तो नियम.

"काम पूर्ण?" बाईंनी विचारलं.

"नाही. अजून एकोणीस माणसं आहेत. आणि पुढच्या शुक्रवारी आलं तर चालेल का, असं विचारणारे वेगळे."

"मग परमिट बंद कसं होईल?"

त्यांनी पेन काढलं. 'साडेसहा' वर एक सरळ रेघ मारली, शेजारी बारीक सही केली आणि कागद परत दिला. आल्फ्रेडने बघितलं. रेघेपुढे काही नव्हतं.

"बाई, वेळ लिहायची राहिली."

"राहू दे."

"रिकामाच ठेवायचा रकाना?"

"जूनपर्यंत तुम्ही सांभाळा," बाई म्हणाल्या. "वसईला जाताना माझ्या हातात द्या. तेव्हा बघीन, पुढे कुणाच्या नावाने करायचं ते."

शेजारच्या खुर्चीवरून विजयराव ताडकन उठले. "एक मिनिट! माझं परत पाठवलं होतंस तू! चार माणसांदेखत!"

"तुमचं काम संपणारं होतं," बाई म्हणाल्या आणि पुढचा फोल्डर उघडला.

आल्फ्रेडने परमिटची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात, क्रूसाच्या बाजूला ठेवली. चहाचा कप घेऊन लवीना आली. तिने कप त्याच्यापुढे ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि दर वेळचा प्रश्न विचारला, "काय, झाली का सेवा सुरू?"

"नंतर बोलू गं, लवीना," आल्फ्रेड चष्मा पुसत म्हणाला. "बघ ना, रांग आहे."